चहाच्या आधणात सरळ झालेली पट्टी

तांब्यापितळेची भांडी विकण्यात माझी तीस वर्षं गेली. केळझरच्या गणपतीला आलेले लोक ताम्हण नाहीतर पळी-पंचपात्र घेऊन जातात, मी ते काट्यावर टाकतो आणि भाव सांगतो. धातू म्हणजे वजन, चकाकी आणि मोडीचा दर, एवढंच माझं ज्ञान. गेल्या रविवारी ते ज्ञान चहाच्या पातेल्यात बुडालं!

भाची नागपूरला धातुशास्त्र शिकते. आली ती थेट स्वयंपाकघरात, तिथे बायकोने नुकतंच आधण ठेवलं होतं. पिशवीतून तिने वीतभर पट्टी काढली, पातळ, बेन्टेक्सच्या पाटलीसारखी पिवळी. "मामाजी, वाकवा न हिला. हळू, जास्त नका." मी धनुष्यासारखी वाकवली. उसळून परत आली नाही, साध्या तारेसारखी निमूट वाकून राहिली. तिने ती चिमट्यात धरून आधणात सोडली आणि पट्टी सरळ! पातं लवायच्या आत! मी ओरडलोच. बायको धावत आली, "भाजलं का हो?" मी पुन्हा वाकवली, पुन्हा टाकली, पुन्हा सरळ. असं सात वेळा. त्या दिवशी चहा झालाच नाही.

हिच्यात आहे तरी काय? शंभर ग्रॅममध्ये साडेतेरा ग्रॅम ॲल्युमिनियम, चार ग्रॅम निकेल, बाकी सगळं तांबं. जादूटोणा नाही, सोनं नाही.

मग तिने समजावलं. साधं तांबं वाकवलं की आतले अणू आपला शेजार सोडून पुढे सरकतात, परतीची वाट मोडते. या पट्टीत ते शेजार सोडतच नाहीत. लेझमीचं पथक डोळ्यांपुढे आणा. पट्टी थंड झाली की रांगाच्या रांगा कलतात, काही डावीकडे, काही उजवीकडे. या कललेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. आपण वाकवतो तेव्हा डावीकडे कललेले उजवीकडे कलतात, एवढंच. ऊब मिळाली की शिट्टी वाजल्यासारखे सगळे ताठ उभे! मात्र मर्यादेबाहेर वाकवलीत तर शेजार तुटतोच, आणि मग पट्टी पुरती सरळ होत नाही.

पण मला खरं वेड लावलं ते हिशोबाने. पावतीच्या पाठीवर उतरवून घेतलाय. २०२० मधून निकेलच्या टक्क्यांची ४५ पट आणि ॲल्युमिनियमच्या टक्क्यांची १३४ पट वजा करायची. उरेल त्या तापमानाला, सेल्सियसमध्ये, अणू कलायला लागतात. साडेतेरा टक्के ॲल्युमिनियमला उत्तर येतं ३१ अंश, म्हणजे आमच्याकडची दिवाळीची दुपार. १३ टक्के केलं तर ९८. १४ केलं तर उणे ३६! उणे ३६ची पट्टी केळझरात जन्मात कलायची नाही. ९८ची उकळत्या पाण्यातही पुरती सरळ होणार नाही, कारण परत फिरायला कलण्यापेक्षा जास्त ऊब लागते. किलोभर रसात पाच ग्रॅम ॲल्युमिनियम इकडचं तिकडे, आणि ६७ अंशांचा फरक! पाच ग्रॅम! तेवढ्यासाठी माझ्या दुकानात कोणी तोंडही उघडत नाही.

तरी हा हिशोब ढोबळच, कारण नुसत्या मापावर भागत नाही. भाचीने दुसरी पट्टी काढली. त्याच ओतणीची, त्याच मापाची. जरा वाकवायला गेलो तर कट्‌कन दोन तुकडे! दोघी बहिणी ९०० अंशांच्या भट्टीत एकत्र तापल्या होत्या. पहिलीला लगेच पाण्यात बुडवलं, दुसरी भट्टीतच सावकाश निवत राहिली. सावकाश निवताना ५६५ अंशांच्या आसपास अणूंना दोन गटांत फुटायला सवड मिळते, तांबं जास्त असलेला एक गट आणि ॲल्युमिनियम जास्त असलेला दुसरा, कडक आणि ठिसूळ. पथकच मोडलं, आता शिट्टी कोणासाठी? लोहार विळ्याला पाणी पाजतो तो धार टिकावी म्हणून, इथे पाणी पाजायचं ते आकाराची आठवण टिकावी म्हणून. गंमत म्हणजे फार झटक्यात गार केलं तरी पंचाईत. अणूंच्या जाळीत रिकाम्या जागा अडकतात, कललेली रचना तशीच घट्ट बसते आणि सरळ व्हायला जास्त ऊब मागते. म्हणून काही जण आधी गरम तेलात आणि मग पाण्यात, असं दोन टप्प्यांत गार करतात.

आणि ही आठवण तांब्यात आजची नाही हो! ऊबेबरोबर येणारी-जाणारी ही रचना १९३८ साली अमेरिकेत ग्रेनिंजर आणि मुराडियन यांना दिसली ती तांबं आणि जस्तात. म्हणजे पितळेत! मी लगेच आईचा भंडाऱ्याहून आणलेला पितळी गुंड काढून पाहायला लागलो. भाची हसली. भांड्याच्या पितळेत जस्त त्या मानाने कमी असतं, त्याला काही आठवत नाही. ॲल्युमिनियमची जोड दिलेल्या पितळेच्या स्प्रिंगा मात्र परदेशात रोपांच्या काचघरांच्या खिडक्या उघडायला वापरल्या गेल्या. ऊन चढलं की खिडकी आपोआप उघडी, वीज नको की माणूस नको. आमच्या रोपवाटिकांनी ऐकावं. ओतणाऱ्याला मात्र घाम फुटतो. तांबं १०८५ अंशांना वितळतं आणि जस्त ९०७लाच उकळून उडून जातं, मग माप राहणार कसं!

दवाखान्यात रक्तवाहिन्यांत बसवायच्या जाळ्यांसाठी अशीच आठवण असलेलं निकेल-टायटॅनियम वापरतात, ते या पट्टीहून चिवट, पण फार महाग. तांब्याच्या पट्टीचे कण मोठे वाढतात आणि कणांच्या शिवणीवर तडे जातात. कण बारीक राहावेत म्हणून चिमूटभर टायटॅनियम नाहीतर बोरॉन घालतात. पुन्हा चिमूटच!

पट्टी भाचीने माझ्याकडेच ठेवली आहे, मोडलेले दोन तुकडेही. केळझरला दर्शनाला आलात तर दुकानात या. काही विकत घेऊ नका, पण आधण ठेवेपर्यंत थांबा.