कुठला पांढरा, असं विचारलंस

वाई,
कोजागरी, रात्र

चि. मनीस,


संध्याकाळी तुझा फोन ठेवला आणि दूध आटवायला बसले, पण लक्ष दुधात नव्हतं. शेवटी तळाला लागलंच. तू बोलता बोलता म्हणालीस, "आत्या, दिवाळीत कुणाला घरी बोलवायची लाज वाटते गं." मग लगेच रंगाचं काढलंस, हॉलला कुठला पांढरा लावू म्हणून. माझ्या कानात मात्र तो एकच शब्द राहिला.

कशाची लाज, बाई? दोघांनी पोटाला चिमटा काढून घेतलेलं, स्वतःच्या नावाचं घर. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर, स्टेशनपासून चालत. आपल्या वाड्यात पाहुणे आले की त्यांच्या पाठीला भिंतीचा चुना लागायचा. जिजी चहा द्यायची आणि पाहुणे निघाले की उंबऱ्यापाशी त्यांना थांबवून पदराने त्यांची पाठ झटकून द्यायची. ना तिला कधी लाज वाटली, ना पाहुण्यांना. त्यातले निम्मे पुढच्या वर्षी पुन्हा आले.

त्या इंटिरिअरवाल्याला नाही म्हणालीस ते फार बरं केलंस. अजून घराचाच हप्ता चालू, त्यात हा दुसरा कशाला? पण "सध्या परवडत नाही म्हणून" असं जे पुढे जोडलंस ते मला आवडलं नाही. परवडलं असतं तरी नको होतं. भुसा दाबून केलेल्या फळ्यांना वरून गुळगुळीत कागद चिकटवायचा आणि त्याला फर्निचर म्हणायचं! एकदा पाणी झिरपलं की भिजलेल्या पावासारख्या फुगतात त्या. वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या दाराचं काय झालं ते तू पाहिलंयस.

आता पांढऱ्याचं. पांढरा राहू दे बाजूला, आधी मला त्या खिडकीखालच्या कोपऱ्याचं सांग. फोटोत सोफ्यामागे जो तपकिरी नकाशा दिसतोय तो डाग नाही, ओल आहे. आणि तू म्हणतेस, "पुट्टी मारून वरून दोन हात दिले की झाकलं जाईल." मनी, रंग झाकायला नसतो. हे मी तुला मागेही सांगितलंय, तुझ्या बाबांना सांगितलंय, आणि नानांना सांगायची हिंमत झाली नाही ते वेगळं. पावडरने ताप झाकतात का? भिंत आजारी असली की ती तिच्या परीने बोलत असते. आधी पोपडा धरते, मग लोणा फुलतो, मग वास येतो. आणि आपण काय करतो, तर तिच्या तोंडावर पुट्टीचा हात फिरवतो.

२००५ च्या पावसाने आमच्या कऱ्हाडच्या घराची पश्चिमेची भिंत प्यायली होती. धाकट्याची मुंज तोंडावर, म्हणून रंगाऱ्याला म्हटलं, काहीही कर पण आठ दिवसांत घर गोरंगोमटं कर. त्याने केलं. मुंजीला सगळे म्हणाले, काय छान! पुढच्या श्रावणात एका रात्री धाकट्याच्या पांघरुणावर तळहाताएवढा पापुद्रा पडला, त्याच्यामागे काळी बुरशी. त्या वर्षी तो किती खोकला ते तुला आठवत असेल, तूच त्याच्याजवळ बसायचीस. रंगाऱ्याचा दोष नव्हता, घाई माझी होती. ती रात्र मी अजून विसरलेली नाही.

म्हणून सांगते तसं कर. दीडेक फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद त्या कोपऱ्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसव आणि दोन दिवस ठेव. कागदाच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला जमले तर खोलीतलाच दमटपणा आहे, खिडकी उघडी ठेवायला लाग. भिंतीतून येत असेल तर बाहेरून बघ. खिडकीच्या छज्ज्याला चीर असते, नाहीतर वरच्यांच्या मोरीचा नळ. वरच्यांशी भांडू नकोस, चहाला बोलाव आणि दाखव. मग भिंत वाळू दे. दसरा-दिवाळीत रंग काढायची आपली रीत उगीच पडलेली नाही, ऑक्टोबरचं ऊन चार महिन्यांचं पाणी ओढून घेतं. नाही वाळली दिवाळीपर्यंत तर तेवढा कोपरा तसाच ठेव. पणती दुसऱ्या कोपऱ्यात लाव.

चुन्याचं मी एवढं का घेऊन बसते, असं तू मागे विचारलं होतंस. कळीचा चुना पाण्यात पडला की रटरटतो. तो विरला की गाळून भिंतीवर लावायचा, आणि मग तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे भिंतीवर रंग नाही, दगडाची पातळ साय चढते. तिच्यातून ओल बाहेर जायला वाट राहते आणि बुरशीला चुना मानवत नाही. जिजी त्यात चिमूटभर नीळ घालायची, माजघरासाठी पिवडी. छत्तीस वर्षं आठवीच्या फळ्यावर ही अभिक्रिया लिहिली आणि दर वर्षी लिहिताना मला वाड्यातल्या त्या घंगाळाची वाफ दिसायची. तुझ्या भिंतींवर मात्र चुना धरणार नाही, आधीचा प्लास्टिक पेंट आहे. तेव्हा तो नाद सोड. मीही सोडते.

हिशेब असा. हॉल १० बाय १२, उंची १० फूट. चारी भिंती मिळून ४४ फूट लांबी, म्हणजे ४४० चौरस फूट. दाराचे २१ आणि खिडकीचे १६ वजा केलेस की ४०३ उरले. एका लिटरमध्ये दोन हात किती फुटांना पुरतात ते डब्यावर लिहिलेलं असतं, त्याने भाग. दुकानदार सांगेल तेवढं घेऊन येऊ नकोस. छत आणि भिंतींचं वरचं काम माणसाला दे, खालचं तुम्ही दोघं करा. शिडीवर तू चढायचं नाहीस.

आणि पांढरा नको. ट्यूबलाइटच्या उजेडात निव्वळ पांढरा निळसर, दवाखान्यासारखा दिसतो. शिवाय वर्षभराचं पोर भिंत धरून चालायला लागलं की कमरेएवढ्या उंचीवर त्याच्या तेलकट हातांची रांग उमटणारच. फिकट पिवडी घे, जिजीच्या माजघराची, धुता येईल असा रंग. लहानात लहान डबा आण, दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगव आणि सकाळी, चार वाजता नि रात्री बघ. छत पांढरं ठेव.

खुर्च्यांचा फोटो बघून मात्र मी उठून उभी राहिले! कल्याणच्या त्या घर बदलणाऱ्या बाईंकडच्या दोन्ही घे. घासाघीस कर पण सोडू नकोस. अगं, इराण्याच्या हॉटेलातली खुर्ची ती. व्हिएन्नाच्या थोनेटने १८५९ साली हा नमुना काढला. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचं. अख्खी खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या बसायच्या, म्हणून तर त्या समुद्र ओलांडून जगभर पोचल्या. तुझ्या बाबांनी मला पुण्यात पहिला बन-मस्का खाऊ घातला तो अशाच खुर्चीवर बसवून. तू दाखवतेस त्या अस्सल की नकला हे फोटोवरून कळणार नाही, पण वाकण एकसंध दिसतेय, जोड नाही, तेवढं पुरे. बैठकीचा वेत फाटलाय म्हणून कचरू नकोस. वेत भिजवून विणतात आणि सुकताना तो स्वतःच ताणून बसतो. आपल्याकडे अंध कारागीर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत, कल्याण-ठाण्यात चौकशी कर, मिळेल कुणी. बोटांनी बघून विणलेली बैठक नुसती बघणाऱ्याला जमणार नाही इतकी सारखी असते.

आणि त्यांना रंग लावायचा नाही. हल्ली म्हणे सगळं फर्निचर खडूसारखं पांढरं करून कडा मुद्दाम घासतात, जुनं दिसावं म्हणून. जे जुनंच आहे त्याला जुन्याचं सोंग कशाला? कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून खुर्चीच्या पायाच्या आतल्या बाजूला लाव. बोट चिकटलं तर समज वर लाखेचं पॉलिश आहे. पळस-बोरीच्या फांद्यांवर किडे करतात ती लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. ती पुन्हा स्पिरिटनेच जागी होते, वरून नवा हात दिला की जुन्यात मिसळते. खरवडायची गरजच नाही.

पलंगाचं मात्र जपून. अंधेरी-जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याला जा, नाहीतर पुण्यात आलीस तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात जाऊ, पण बॅटरी घेऊन जा. पलंग उलटा करायला लाव. सांध्यांत खिळे की खाचा, ते बघ. पायांशी पिठासारखा भुसा दिसला तर कीड चालू आहे, परत फीर. फटीत काळे ठिपके दिसले तर ढेकूण. आमच्या दिवाणाच्या वेळी मी हे बघितलं नव्हतं आणि महिनाभर किटल्यांनी उकळतं पाणी ओतत होते. गादी जुनी घ्यायचीच नाही, फुकट दिली तरी.

जाळीच्या कपाटाचं शेवटी लिहायचं ठरवलं होतं, कारण त्याच्यावर मी चार पानं लिहीन हे मला माहीत होतं. खाली चार दगडी वाट्या, वाट्यांत पाणी, मुंग्या चढू नयेत म्हणून. वरच्या कप्प्यात दुधाची पातेली, मधल्यात विरजण, आणि खालच्या कप्प्याचं तुला ठाऊक आहे, ते लिहीत नाही. तू ते वाड्याच्या वाटणीत मागून घेतलंस तेव्हा मला रडू आलं होतं. दर दोन वर्षांनी दिवाळीला नाना त्याला हिरवा ऑइलपेंट द्यायचे, हातावर हात, जुना न काढता. तू म्हणालीस, "आत्या, मशीन आणलंय, सगळे थर घासून काढते आणि खालचं सागवान उघडं करते." ऐकून मला आनंदच झाला. झाकलेलं उघडं होतंय म्हणून.

जाळी कशी निघालीय बघावी म्हणून आत्ता तुझा सकाळचा फोटो पुन्हा उघडला. मोठा करून बघितला. गॅलरीच्या उंबऱ्यावर हिरवट पूड सांडलीय. आणि त्या पुडीत पाच छोटी बोटं उमटलीयत.

मनी, ते घासणं थांबव. आधी ते थांबव, बाकीचं पत्र नंतर वाच.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. रंग ठळक यावा, लवकर वाळावा म्हणून. हिरव्यात, पिवळ्यात, लालमध्ये जास्त. आपल्या देशात घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नसावं हा नियम २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. नानांचे हात त्याच्या कितीतरी आधीचे. त्यात असेलच असं नाही, पण नुसत्या नजरेने सांगता येत नाही. कपाट शांत उभं होतं तोवर फारसं भय नव्हतं, मशीनने त्याची धूळ झाली. मूल रांगतं, बोटं तोंडात घालतं, आणि मोठ्या माणसाच्या चौपट-पाचपट शिसं त्याच्या अंगात शोषलं जातं. ते मेंदूच्या वाढीवर जातं. इतकं चालेल अशी खालची मर्यादाच नाही त्याला. हे मी वर्गात शिकवलंय, मनी, आणि तू मशीन म्हणालीस तेव्हा मला ते आठवलं नाही. सागवानाच्या आनंदात होते मी.

दोनदा फोन लावला, उचलला नाहीस. अकरा वाजून गेलेत, बाळ झोपलं असेल. शेजारचा मुलगा पहाटे कल्याणला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. पहाटे पुन्हा फोन करणारच आहे, पण फोनवर तू "हो आत्या" म्हणतेस आणि अर्धं विसरतेस.

गॅलरीचं दार बंद. केरसुणी लावायची नाही, धूळ उडते. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने उंबरा, गॅलरी, हॉलची फरशी पुसायची, फडकी पिशवीत बांधून टाकून द्यायची, पुन्हा नव्या फडक्याने पुसायचं. बाळाची खेळणी धू, त्याला अंघोळ घाल, तुमचे घासतानाचे कपडे वेगळे धू. कपाट सुताराकडे पाठवून त्याच्याकडून घासून घ्यायचं मनात आणू नकोस, त्याच्याही घरी मूल असेल.

उरलेला रंग जिथे घट्ट आहे तिथे तसाच ठेव. ओल्या फडक्याने पूस, वाळू दे आणि वरून शिसं नसलेल्या नव्या रंगाचे दोन हात चढव. हो, झाक. मीच सांगतेय. पांढरा, हिरवा, तुला हवा तो लाव, खालचं सागवान नाही दिसलं तरी चालेल. आणि दूध-दही त्यात ठेवू नकोस, वह्या-पुस्तकं ठेव, तीही वरच्या कप्प्यात, बाळाचा हात पोचणार नाही अशी.

मी गुरुवारच्या सकाळच्या एसटीने निघते. फडकी घेऊनच येते, घरची जुनी धोतरं आहेत. तोवर कपाटाजवळ जाऊ नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. उद्याच बाळाच्या डॉक्टरांना दाखव. धुळीचं सगळं सांग आणि रक्तातलं शिसं तपासायचं का ते विचार. बोटं तोंडात घालताना त्याला किती दिवस पाहिलंस ते आठवून लिहून ने, अंदाजाने सांगू नकोस.