बगळ्यांच्या बेटावरची सुबाभूळ

पायवाटेच्या कडेला वाकून तिने एक रोपटे मुळासकट उपटले आणि आमच्या हातावर ठेवले. वीतभर उंची, पिसासारखी बारीक पाने, सोटमुळाला चिकटलेला चुनखडीचा चुरा. ‘यांचा काही अंत नाही,’ असे ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. आम्ही मात्र थबकलो. रोपटे सुबाभळीचे होते आणि सुबाभळीशी आमची ओळख पुस्तकी नव्हे, घरची आहे.

मॉरिशसमधील मराठी शिकवणाऱ्या मंडळींच्या निमंत्रणावरून आम्ही त्या देशात गेलो होतो. एक सकाळ मोकळी मिळाली, ती आग्नेय किनाऱ्यावरच्या माएबूरसमोरील ईल-ओ-झेग्रेत या बेटावर घालवली. नावाचा अर्थ ‘बगळ्यांचे बेट’. बगळे आता नावापुरतेच. क्षेत्रफळ सुमारे २६ हेक्टर, आणि किनाऱ्यापासूनचे अंतर किलोमीटरभरही नाही. प्रवाळाच्या चुनखडीवर उभे असलेले किनारी कोरडे जंगल एके काळी मॉरिशसला वेढून होते. त्याचा जवळजवळ शेवटचा तुकडा इथे उरला आहे. इंधनासाठी झाडे तोडली गेली, शेळ्या सोडल्या गेल्या, उंदीर आले, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तोफाही मांडल्या. १९६५ मध्ये बेट राखीव झाले. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने ते ऐंशीच्या दशकात हाती घेतले, आणि तेव्हापासून तिथे माणसे अक्षरशः ओणवी होऊन तण उपटत आहेत.

तणांत सुबाभूळ अग्रगण्य. मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेची. जगातील सर्वाधिक उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत तिचे नाव आहे. तिच्या जोडीला फ्लाकुर्शिया इंडिका, म्हणजे आपल्या डोंगरांतला तांबट. त्याची आंबटगोड फळे आम्ही लहानपणी खिसे भरून खाल्ली आहेत. आपल्या रानात तो घरचा आहे आणि तिथे त्याच्यावर कोयता चालतो.

आता घरची गोष्ट. १९७२ च्या दुष्काळात जनावरे उपाशी मेलेली ज्यांनी पाहिली, त्या पिढीपुढे पुढच्या काही वर्षांत सुबाभूळ आली ती वरदान म्हणून. नावातच ‘सु’ होता. झपाट्याने वाढणारी, चारा देणारी, सरपण देणारी, जमिनीत नत्र धरणारी. आमच्या वडिलांनी, आण्णांनी, माणदेशातल्या आमच्या उघड्या टेकाडावर तिचे बी टोकले. बी आधी गरम पाण्यात बुडवून ठेवायचे, हे त्यांनी एका कृषी मेळाव्यात ऐकले होते. आम्ही शाळकरी मुले कळशीने पाणी घालीत असू. तीन वर्षांत टेकाड हिरवे झाले. आण्णांना तालुक्याच्या गावी बोलावून शाल-श्रीफळ देण्यात आले. तो फोटो अजून घरी आहे. याच झाडाच्या पाल्यात मिमोसीन असते आणि तो अति खाल्ला की जनावरांचे केस गळतात, हे आमच्या एका म्हशीने आम्हांला मागाहून शिकवले. असो.

या दोन चित्रांच्या मधोमध आमचा व्यवसाय येतो. भालचंद्र नेमाडे यांचा देशीवाद आम्ही वीसेक वर्षे वर्गात शिकवत आलो. शिकवताना एक दृष्टान्त हमखास हाताशी असे: देशी ते जमिनीतून उगवलेले, परके ते वरून लादलेले. दृष्टान्त सोयीचा होता, विद्यार्थी तो परीक्षेत बिनचूक लिहीत. त्यातला दोष मूळ मांडणीचा कमी आणि आमच्या आळसाचा अधिक. वनस्पतींचे अभ्यासक दोन शब्दांवर भागवत नाहीत. माणसाच्या मदतीवाचून आलेले ते देशी, माणसाने आणलेले ते आगंतुक, आणि आगंतुकांपैकी जे पसरून इतरांना उगवू देत नाहीत तेवढेच आक्रमक. मधली पायरी आम्ही गाळली होती. मिरची, पेरू, सीताफळ ही सारी त्या मधल्या पायरीवरची. आमच्या दृष्टान्ताप्रमाणे मात्र मिरचीच्या ठेच्यालाही परका ठरवावे लागले असते.

बेटावर याहून अवघड उदाहरण रस्ता अडवून बसले होते. महाकाय कासव. मॉरिशसच्या स्वतःच्या महाकाय कासवांच्या दोन जाती होत्या. माणसे आल्यावर दोन्ही नामशेष झाल्या. त्यांच्याबरोबर इथल्या आबनुसाची फळे गिळून बी दूर नेणाराही गेला. हा आबनूस आपल्या टेंभुर्णीच्या कुळातला, आणि त्याच्या शास्त्रीय नावात हेच बेट आहे: डायोस्पायरॉस एग्रेटॅरम. फळे झाडाखालीच पडून राहत आणि तोडलेल्या भागात नवे झाड येत नसे. २००० मध्ये सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटावरच्या जातीची कासवे इथे आणून सोडली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की कासवाच्या पोटातून गेलेले आबनुसाचे बी अधिक चांगले रुजते आणि जिथे झाडे नव्हती तिथे रोपे उभी राहत आहेत. म्हणजे देशी अरण्य परत आणण्याचे काम एक उघडउघड आगंतुक करतो आहे. त्याला कोणत्या रकान्यात टाकावे? आम्ही तसे विचारले, तेव्हा आमची वाटाडी हसून म्हणाली, ‘त्याला विचारा.’ कासव आबनुसाच्या सावलीत पान चावत होते.

तिचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आले होते. मॉरिशसमध्ये करारबद्ध मजुरीचा हा प्रयोग १८३४ मध्ये सुरू झाला. ती क्रिओल बोलते, इंग्रजीत काम करते, आणि शाळेत शिकलेले मराठी जपून, वहीतल्या अक्षरासारखे, उच्चारते. १५९८ मध्ये डच आले तेव्हा त्या देशात एकही मनुष्य वसलेला नव्हता. तिथे माणसांत मूळचा कोणीच नाही. झाडांचा शब्द माणसांना लावावा ही इच्छा आम्हांला तिच्यासमोर उभे असताना लाजिरवाणी वाटली. आदल्याच संध्याकाळी, तिथल्या शिक्षकांपुढे, ‘मुळे’ या विषयावर आम्ही तास-दीड तास बोललो होतो. त्यांनी ते सौजन्याने ऐकून घेतले.

आणखी एक समजूत तिथे सुटली. जे मूळचे असते ते आपल्या बळावर टिकते, असे आम्ही धरून चाललो होतो. ते जंगल टिकले आहे ते पगारी माणसांच्या आणि स्वयंसेवकांच्या कंबरदुखीवर. सुबाभळीचे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. आज उपटलेल्या वाफ्यात पुढच्या पावसानंतर पुन्हा यावे लागते. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज जवळच्या प्रवाळभिंतीवर आदळले, ऑगस्टमध्ये त्यातले तेल या बेटापर्यंत पोचले. तेव्हा तिथल्या रोपवाटिकेतली दुर्मिळ रोपे होड्यांत घालून मुख्य बेटावर न्यावी लागली. ‘देशी’ रोपांनी आपली जमीन सोडून प्लास्टिकच्या पिशव्यांत प्रवास केला.

परतल्यावर धाकट्या भावाला फोन केला. आण्णा जाऊन बरीच वर्षे झाली. टेकाड त्याच्याकडे आहे. सुबाभळीखाली दुसरे काही उगवते का, एवढेच विचारले.

‘सुबाभळीचीच पोरं,’ तो म्हणाला. ‘का रे दादा, तोडायची का?’

आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. फोटोतली शाल आठवत होती. मग तोच म्हणाला, की ओढ्याच्या अंगाला दोन हिवर आलेत, गुडघ्याएवढे, शेळ्या खातील म्हणून त्याने बोराटी लावून ठेवली आहे. आणि तेवढ्या जागेपुरती सुबाभूळ त्याने गेल्या पावसाळ्यातच काढली होती, आम्हांला न विचारता.