बारीक करवत

आमच्या घरी दोन करवती होत्या. एक मोठी, पडवीतल्या खुंटीला टांगलेली; जळाऊ ओंडक्यापासून आंब्याच्या फांदीपर्यंत तिला काहीच वर्ज्य नव्हते. दुसरी वडिलांच्या कपाटात, जुन्या सदऱ्याच्या फडक्यात गुंडाळलेली. तिला हात लावण्याची आम्हां भावंडांना परवानगी नव्हती. लोखंडी पट्टीची, इंग्रजी 'यू' अक्षरासारखी फूटभर खोल चौकट आणि तिच्या दोन टोकांत ताणून बसवलेले पाच इंच लांबीचे, शेवयीएवढे पाते. वडील तिला 'फ्रेट' म्हणत, आई 'ते खेळणे' म्हणे.

वडील सरकारी नोकरीतल्या बदलीवर वसईहून महाडला आले ते १९७४ साली. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली आले. आमच्या ओळखीची ख्रिस्ती घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नाताळ जवळ आला की वसईची आठवण आईला फार छळी. १९७६ च्या पावसाळ्यात वडिलांनी वाण्याकडून चहाची रिकामी खोकी आणली, त्यांचे तीन पदरी प्लायवूड सोडवून घेतले आणि नाताळपर्यंत रोज रात्री कंदिलाच्या उजेडात, वीज असेल तेव्हा दिव्याखाली, गोठा कापला. बाळ येशू, मरियामाता, तीन राजे, मेंढपाळ, गाय, गाढव मिळून चौदा आकृत्या. मागे सागाची चौकट, आणि चौकटीत बेथलेहेमच्या टेकड्यांऐवजी रायगडाचा कडा. संत योसेफाच्या हातात त्यांनी एक इवलीशी करवत दिली होती. शुभवर्तमानात त्या रात्री करवतीचा उल्लेख नाही हे आम्ही शाळकरी शहाणपणाने दाखवून दिले, तेव्हा ते म्हणाले, "सुतार प्रवासाला निघाला तर हत्यार घरी ठेवील काय?"

हा गोठा पंचेचाळीस वर्षे दर डिसेंबरात मांडला गेला. वडील गेले, आई गेली, आम्ही शाळेतून निवृत्त झालो. मग २०२१ चा जुलै आला.

२२ जुलैच्या त्या रात्रीविषयी महाडकरांना काही सांगावे लागत नाही. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते आणि पोलादपुरावरून आमच्याकडे उतरते. त्या महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्याच दिवशी आमच्या तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. त्या दुःखापुढे आमच्या पत्र्याच्या पेटीची गोष्ट सांगण्यास संकोच वाटतो. पाणी ओसरल्यावर चिखलातून ती पेटी निघाली. सागाची चौकट धुतल्यावर जशीच्या तशी होती. आकृत्यांचे पदर मात्र पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते, आणि योसेफाचा हात करवतीसकट नाहीसा झाला होता. बारीक करवत गंजून तांबडी झाली होती.

पावसाने उघडीप देताच आम्ही आकृत्या उन्हात मांडल्या. ही आमची चूक. दुपारपर्यंत तीन राजांपैकी दोघे पापडासारखे वळले. पोलादपूरकडचे एक मेस्त्री शेजारच्या घराचे दरवाजे दुरुस्त करण्यास येत असत, ते कुंपणापाशी थांबून म्हणाले, "सर, लाकूड उन्हात घालू नका. सावलीत ठेवा, वर वजन द्या. पाणी घाईनं गेलं की लाकूड रुसतं." त्यांच्या सांगण्यावरून उरलेल्या आकृत्या वर्तमानपत्रांच्या थरांत घालून वर पाटा ठेवला आणि कागद रोज बदलले. त्या वाचल्या असे म्हणता येत नाही, पण सपाट राहिल्या. आणि एक गोष्ट ध्यानात आली. प्लायवूड भिजून फुगते ते जाडीत. लांबी-रुंदीत फार थोडे, कारण एका पदराच्या शिरा आडव्या तर दुसऱ्याच्या उभ्या असल्याने ते एकमेकांस धरून ठेवतात. म्हणजे वडिलांच्या रेषा शाबूत होत्या. आकृती कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली की त्यांचा हात कागदावर उतरत होता. गोठा पुन्हा कापता येण्यासारखा होता. फक्त कापणारे आम्ही होतो, आणि आम्हांस कापता येत नव्हते.

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी हे शिकू लागल्यावर पहिल्या आठवड्यात आम्ही एकोणीस पाती मोडली. चौकट घासलेट आणि पॉलिश कागदाने उजळली होती, पण पाते उलटे बसवत होतो. हातकरवतीत दाते खाली, मुठीच्या दिशेने हवेत. म्हणजे खेचताना कापते आणि लाकूड टेबलाशी दाबून राहते. पाते इतके ताणावे की बोटाने छेडले असता तंबोऱ्याच्या तारेसारखे बोलावे. सैल पाते आधी वाट सोडते, मग मोडते. टेबलाच्या कडेला फळीचा एक तुकडा पुढे काढून आवळायचा, त्याला चिमणीच्या चोचीसारखी खाच द्यायची आणि त्या खाचेत काम धरायचे. करवत एकाच जागी, उभी, वर-खाली; वळवायचे ते लाकूड. कोन आला की पुढे रेटायचे नाही. जागच्या जागी पाते चालू ठेवून लाकूड हलकेच फिरवायचे, मग पाते आपली वाट स्वतः करून घेते. आमच्या मास्तरकीला हे जड गेले. आम्ही आयुष्यभर रेटण्याचेच काम केले होते.

नक्षीच्या आतली भोके आधी कापावीत, बाहेरची कड शेवटी, कारण कड आधी सुटली तर हातात धरण्यास काही उरत नाही. आतल्या भोकासाठी गिरमिटाने छिद्र पाडायचे, पाते एका टोकाने सोडवून छिद्रातून ओवायचे आणि पुन्हा ताणायचे. पंचवीस छिद्रांची जाळी म्हणजे पंचवीस वेळा ओवणे. पात्याचा नंबर मोठा तसे पाते जाड. लाकडाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते असावेत एवढे ध्यानात ठेवले की पुरते. लाकडाच्या खालच्या अंगाला कागदी चिकटपट्टी लावली तर कपच्या उडत नाहीत. भुसा फुंकून उडवण्याची सवय सोडावी आणि नाकाला फडके बांधावे. सागाची बारीक धूळ छातीला बरी नव्हे. सागात वाळूसारखा अंश असतो, त्याने पाती लवकर बोथट होतात. नवशिक्याने शिवण घ्यावी. हलकी, मऊ, फारशी न फाटणारी. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे पूर्वी पांगाऱ्याच्या लाकडाची होत, तेही असेच मऊ.

प्लायवूड घ्यायचे तर दुकानदारास नीट विचारावे. साधे प्लायवूड ओल्या हवेला टिकते, पाण्याला नाही, ज्यावर आय. एस. ७१० असा शिक्का असतो ते पाण्यातही पदर सोडत नाही. महाडला राहून आम्ही दुसरे घेतले यात नवल नाही.

हा छंद जगात जुना आहे. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजाच्या पदरी असलेल्या आंद्रे-शार्ल बूल या कारागिराने पितळ आणि कासवाचे कवच एकावर एक ठेवून अशाच करवतीने एकत्र कापले, आणि एकाचा तुकडा दुसऱ्याच्या भोकात बसवला. इंग्लंडातून 'हॉबीज' नावाचे साप्ताहिक १८९५ पासून निघू लागले. वडिलांपाशी त्यातले फाटके नमुने होते, मुंबईच्या रद्दीतून आणलेले. जर्मनीतल्या एर्झ पर्वतातील खाणकामगारांच्या मुलखात नाताळला खिडकीत लाकडी कमान ठेवतात, वर मेणबत्त्या आणि आत कातलेली चित्रे. पहिली कमान लोखंडाची होती, १७४० सालची. भुयारात दिवस घालवणाऱ्यांना उजेडाचे एवढे अप्रूप असणारच.

आमच्या चिरंजीवांनी पुण्याहून विजेवर चालणारे यंत्र आणून दिले. त्याला स्क्रोल सॉ म्हणतात. पाते आपोआप वर-खाली होते, दोन्ही हात लाकडाला मोकळे. सांधेदुखी असलेल्यास ते वरदान आहे हे मान्य करतो. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून गणपतीच्या मखरांसाठी प्लायवूडच्या जाळ्यांना मागणी आहे, आणि लेसरने कापलेल्या जाळ्या बाजारात ढिगाने मिळतात. त्या अचूक असतात. कडा जळक्या काळ्या, आणि दहाव्या मखरात पहिल्या मखराचेच फूल. आम्हांस त्या आवडत नाहीत. पण गिऱ्हाइकाने का घेऊ नयेत, याचे उत्तरही आमच्यापाशी नाही.

शनिवारी आमच्याकडे पाच-सहा मुले येऊ लागली. लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशाकाराने १७६० च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवर कापले आणि मुलांना जुळवण्यास दिले, ही गोष्ट आम्ही त्यांना सांगितली आणि रायगड जिल्ह्याचे पंधरा तालुके कापण्यास घेतले. किनारपट्टीच्या खाड्यांनी मुलांची परीक्षा पाहिली. पोलादपूरहून येणारी मुलगी आपला तुकडा तळहातावर घेऊन म्हणाली, "सर, आमचा तालुका एवढासाच?" महाडच्या मुलाने लगेच आपला तुकडा शेजारी ठेवून दाखवला. मग सावित्री निळ्या रंगाने रंगवताना भांडण मिटले, कारण तिची रेघ पोलादपुरातून सुरू केल्याशिवाय महाडात आणता येईना.

गोठ्याच्या तेरा आकृत्या २०२२ च्या पावसाळ्यापर्यंत झाल्या. चौदावा योसेफ राहिला. धड जुन्या तुकड्यावरून मिळाले, पण हात आणि करवत कुठून आणावी? आमचे फोटो पुरात गेले होते. वसईला धाकट्या बहिणीकडे एक निघाला, धूसर, आजूबाजूला सगळी पोरे. भिंग लावून आम्ही करवतीचा आकार काढला, शिवणीवर चिकटवला आणि दाते कापण्यास बसलो. काडीएवढ्या पट्टीवर अकरा दाते. पहिली करवत सातव्या दात्याला मोडली, दुसरी चौथ्याला, तिसरी पूर्ण झाली आणि पॉलिश करताना गेली. चौथीच्या वेळी मेस्त्री आले होते. तुकडा उजेडाकडे धरून म्हणाले, "सर, शीर आडवी घेतलीत. हात लांब त्याच दिशेला शीर लांब हवी." नकाशा नव्वद अंशांत फिरवून पुन्हा चिकटवला. पाचवी टिकली.

त्या नाताळला बहीण सहकुटुंब महाडला आली. जेवणे झाल्यावर ती गोठ्यापाशी बराच वेळ बसली. राजांना हात लावला, गाढवाचे कान पाहिले, मग चश्मा लावून योसेफाकडे वाकली.

"दादा, दाते कशाला कापलेस?"

आम्ही फोटोकडे बोट दाखवले.

"बाबांनी कापले नव्हते," ती म्हणाली. "त्यांनाही जमेना. त्यांनी शाईने काढले होते. मी दौत धरून बसले होते."