आधी गळा, मग हॉर्न

मँचेस्टर

प्रिय ताई,

शाळेत वाद्य निवडायची वेळ आली तेव्हा तुझ्या लेकीने फ्रेंच हॉर्नवर बोट ठेवलं हे कळल्यापासून मी हरखून गेले आहे. इतकं अवघड वाद्य आठ वर्षांच्या पोरीला झेपेल का, असं तू विचारतेस. झेपेल. वरचे पुढचे दात पक्के आले आहेत ना, तेवढं बघ. माऊथपीस त्यांच्यावरच टेकतं. पण हॉर्न हातात देण्याआधी त्याचे सूर तिला गाता आले पाहिजेत, हा माझा आग्रह आहे.

पियानोची पट्टी दाबली की सूर ठरलेला. हॉर्नवर एकही व्हॉल्व्ह न दाबता, नुसत्या ओठांच्या ताणावर, त्याच नळीतून डझनभर सूर निघतात. खाली ते ऐसपैस असतात: सा, प, वरचा सा, मग ग, प आणि जरा उतरलेला कोमल नी. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गांधार, तो हाच. त्याच्या वरच्या सापासून मात्र सूर एकमेकांना खेटून येतात आणि हॉर्नचं बरंचसं वादन या दाटीतच चालतं. ओठ केसभर सैल पडले की शेजारचा सूर लागतो. नामांकित ऑर्केस्ट्रातही हॉर्नचा सूर फुटतो तो यामुळेच. हवा तो सूर ज्या मुलाच्या कानात आधीच वाजतोय, त्याचे ओठ तिथे पोचतात. नुसती बोटं शिकलेलं मूल चाचपडत राहतं. तुझी लेक तुझ्याबरोबर पेटीवर अलंकार म्हणते, म्हणजे तिची निम्मी तयारी झालेलीच आहे.

फेलिक्स क्लीझरचं वादन तिला जरूर दाखव. १९९१ साली ग्यॉटिंगेनला जन्मलेला हा वादक जन्मतःच हातांविना आहे. हॉर्न स्टँडवर ठेवतो, डाव्या पायाच्या बोटांनी व्हॉल्व्ह दाबतो. बाकीचे वादक उजवा हात कर्ण्यात घालून आवाज मऊ करतात. तो ते काम ओठांवर आणि श्वासावर निभावतो. काय सूर आहे त्याचा!

पहिल्या दिवशी मात्र हॉर्न नको, पाइप हवा. बागेला पाणी घालायचा पाइप पावणेतीन मीटर कापायचा, एका टोकाला माऊथपीस, दुसऱ्याला नरसाळं. ओठ मिटून, गाल न फुगवता त्यातून फुंकर घालायची, म्हणजे ओठ थरथरतात आणि ती थरथर पाइप धरलेल्या हातालाही कळते. देवळातला शंख आणि लग्नातली तुतारी अशीच वाजते. डेनिस ब्रेनसारख्या थोर वादकाने १९५६ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये अशाच पाइपवर लिओपोल्ड मोझार्टची रचना वाजवली होती. पाइपला व्हॉल्व्ह नाहीत, म्हणून मूल बोटांत अडकत नाही. एकेक सूर आधी गायचा, मग पाइपात शोधायचा.

ऐकवायचं काय? शाळांमधून बहुधा प्रोकोफिएव्हच्या १९३६ च्या ‘पीटर अँड द वुल्फ’ने सुरुवात करतात. त्यात तीन हॉर्न मिळून लांडगा उभा करतात. रचना सुंदरच, पण हॉर्नची पहिली ओळख भीतीने होऊ नये असं मला वाटतं. मोझार्टने १७८६ मध्ये लॉइटगेब या हॉर्नवादक मित्रासाठी लिहिलेल्या कॉन्चेर्तोचा शेवटचा भाग लाव. शिकारीच्या हॉर्नची दौडती चाल आहे, मुलं जागच्या जागी उड्या मारतात. त्याच्या हस्तलिखितात निळी, तांबडी, हिरवी, काळी अशा शाया वापरल्या आहेत, हेही सांग. तिला आवडेल.

हॉर्न विकत घेऊ नकोस, भाड्याने घे. मोठ्यांचा डबल हॉर्न अडीच किलोच्या आसपास भरतो, तो या वयात नको. मुलांसाठी आखूड गुंडाळलेला बी फ्लॅटचा छोटा हॉर्न मिळतो, तोच माग. सराव रोज दहा मिनिटं पुरे. ओठ दमले की थांबवायचं. सूर फुटला तर कुणी हसायचं नाही, हे भावोजींना विशेष सांग.

शनिवारी पाइप आणि माऊथपीस घेऊन येते. नरसाळं तेवढं तू शोधून ठेव, रुंद तोंडाचं.

तुझी धाकटी