खडूची अकरा वर्तुळं

ट्रकच्या इंजिनाला भोकं किती असतात, सांगा पाहू! नाही येत ना? मी नववीत असताना एकदा मोजायला बसलो होतो. चाळिसाच्या पुढे गेलो, तेवढ्यात उस्ताद ओरडले आणि आकडा विसरलो.

आमचे काका ट्रक चालवायचे. वणीजवळच्या खाणीतून कोळसा भरायचा आणि चंद्रपूरकडे न्यायचा. सहा सिलिंडरची जुनी टाटा गाडी. एका उन्हाळ्यात रेडिएटरचं पाणी संपलं, इंजिन तापलं आणि ब्लॉकला चीर गेली. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड, बरं का! धडालाच चीर गेल्यावर उरलं काय? काकूच्या पाटल्या गहाण पडल्या आणि त्या पैशांत काकांनी नागपूरहून जुना ब्लॉक आणला. नव्याची ऐपत नव्हती. लेथवाल्याकडे तो धुऊन, बोअर करून झाला. उस्तादांनी त्यात क्रँक बसवला, पिस्टन घातले, पुढचे गिअर जुळवले. आणि काम अडलं.

कारण हा ब्लॉक आमच्या ब्लॉकसारखा नव्हता! लांबून सारखा दिसे. पण जवळ जावं तर इथे एक जादा कान, तिथे एक पितळी बूच, खाली एक नळी. काका म्हणाले, "उस्ताद, हे काय काय आहे ते समजल्याबिगर मी सेल्फ मारू देनार नाही." इंजिन पहिल्यांदा चालू करताना एखादी वाट उघडी राहिली, तर ते दोन-चार मिनिटांत खलास होऊ शकतं. आणि परत गहाण टाकायला घरात काही नव्हतं.

काकांनी माझ्या हातात खडू दिला. "जे जे ओळखू येत नाही, त्याच्याभोवती गोल कर." मी अकरा गोल केले. उस्ताद हसले, म्हणाले, "चला मास्तर, आता शिकवा आम्हाले!" (पुढे मी खरंच मास्तर झालो, पण त्यात उस्तादांचा हात होता असं काही मला म्हणायचं नाही.)

कोपऱ्यात जुना, चिरलेला ब्लॉक पडला होताच. तो ओढून नव्याच्या शेजारी ठेवला. एकेक गोल घ्यायचा, जुन्यावर ती जागा शोधायची आणि काय फरक आहे ते बघायचं.

बरेचसे गोल लवकर सुटले. एकच ब्लॉक कधी ट्रकला, कधी बसला, कधी जनरेटरला वापरतात. मग कुणाला पंप या बाजूला लागतो, कुणाला त्या बाजूला. म्हणून कारखान्यात आधीच जादा कान ओतून ठेवतात. आपल्याला नको असले तर ते तसेच रिकामे राहतात. उठावाचे आकडे साच्यातूनच आलेले, आणि ठोकून उमटवलेले आकडे म्हणजे इंजिनाचा नंबर. त्यावर कागद ठेवून काकांनी पेन्सिल घासली, तुम्ही नाण्यावर घासता ना, अगदी तशी! ब्लॉक बदलला की नंबर बदलतो आणि ते आरटीओला कळवावं लागतं.

सगळ्यात गंमत वाटली ती बाजूच्या पत्र्याच्या गोल वाट्यांची. रुपयापेक्षा मोठ्या, ठोकून बसवलेल्या. गॅरेजात त्यांना डमी म्हणतात. थंड देशांत इंजिनातलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि कधी कधी या वाट्या बाहेर ढकलतं. म्हणून त्या गोठण्यापासून वाचवायलाच असतात, असं पुष्कळांना वाटतं. आता आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, इथे काय गोठणार! खरं कारण वेगळंच आहे. ब्लॉक ओततात तेव्हा पाणी फिरायच्या पोकळीच्या जागी वाळूचा ठोकळा ठेवतात. भोवती सुमारे १४०० अंशांचं लोखंड ओततात. लोखंड थिजलं की आतली वाळू बाहेर काढायला वाट नको? ती वाट म्हणजे ही भोकं. वाळू गेली की वाट्या ठोकून बंद करायची. हे उस्तादांनी सांगितलं तेव्हा मी तासभर त्या वाट्यांकडेच बघत बसलो होतो.

राहिले दोन गोल. त्यातला एक ब्लॉकच्या समोरच्या तोंडावर, गिअरच्या आड अर्धा लपलेला. आत आटे असलेलं एक रिकामं भोक. उस्ताद म्हणाले, "असंन एखादं फालतू." पुढचं झाकण लावायला त्यांनी हातात घेतलंसुद्धा. मी जुन्या ब्लॉकवर त्याच जागी स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं. बोटभर काळा चिखल निघाला आणि खाली चौकोनी खाचेचं एक बूच! चिखलामुळे ते कधी कुणाला दिसलंच नव्हतं.

उस्ताद गप्प झाले. टायरमध्ये हवा भरायची नळी आणली आणि त्या रिकाम्या भोकाला लावली. खालचं चेंबर अजून बसवलेलं नव्हतं. काका इंजिनाखाली वाकून बसले. हवा सोडली आणि सूऽऽऽ! क्रँकच्या प्रत्येक बेअरिंगमधून हवा आणि तेलाचे थेंब उडाले. काकांचा सदरा ठिपक्याठिपक्यांचा झाला.

तेलाचा मुख्य रस्ताच होता तो! धुताना आतला कचरा निघावा म्हणून बूच काढलं असणार, ते परत लागलंच नाही. तसंच झाकण लागलं असतं, तर तेल त्या भोकातून झाकणाच्या आतल्या आत खाली पडलं असतं. बाहेर एक थेंब नाही आणि बेअरिंगं कोरडी. जुन्याचं बूच काढून लावलं. आटे जुळले.

मी फुशारलो. इतका, की पाण्याच्या पंपाखाली एक बारीकसं उघडं भोक दिसलं, तेही मी कुणाला न विचारता एम-सील लावून बुजवून टाकलं!

"हे कोनं बुजवलं बे?" उस्तादांचा आवाज चढला. मी हात वर केला. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपातलं सील झिजलं की पाणी तिथून टपकतं आणि ड्रायव्हरला समजतं. बंद केलं तर तेच पाणी पंपाच्या बेअरिंगमध्ये शिरतं. खिळ्यानं उकरत मी संध्याकाळपर्यंत बसलो. वर चहाही मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं बसवून झाल्यावर तेल भरलं. डिझेल बंद ठेवून उस्तादांनी नुसता सेल्फ मारला. काकांचे डोळे तेलाच्या काट्यावर. थांबले, परत मारला. तिसऱ्या खेपेला काटा हलला आणि वर चढला. मग डिझेल सोडलं. धूर, खोकला आणि धडधड! काकू रस्त्यापलीकडे उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

अकरावा गोल मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. मागच्या बाजूला एक आंधळं भोक होतं. तार घातली, हवा मारली, ते कुठेच जात नव्हतं. उस्ताद म्हणाले, "मले बी नाही मालूम. पन ते कुठी जात नाही, एवढं पाह्यलं ना आपन." काकांनी मान हलवली आणि गिअर टाकला. तो खडूचा गोल तसाच घेऊन गाडी खाणीकडे गेली.