गिअरबॉक्सचं नाक

२०२१ साली आमचं हापिस घरातच होतं, आणि घर कोल्हापुरात. वर खिडकीत माझा लॅपटॉप, खाली दारात बाबांची जुनी मारुती. त्या दिवाळीत तिच्या गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं. उजव्या ड्राइव्ह शाफ्टपाशी थेंब दिसत होता, म्हणजे ऑइल सील गेलं. म्हटलं, आपणच बदलू. इंजिनिअर आहोत ना! (कॉम्प्युटरचे. असो.)

शनिवारी चाक काढलं, तेल सोडलं, शाफ्ट ओढून काढला. जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटलं, नवं मोठ्या सॉकेटने हलक्या हाताने ठोकून बसवलं. लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत नवं गिअर ऑइल भरलं. रविवारी रुबाबात एक चक्कर मारली. संध्याकाळी फरशीवर पुरीएवढा डाग!

बाबा काही बोलले नाहीत. फक्त रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवायला लागले. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं.

प्रोग्रामरचा पहिला संशय नेहमी शेवटच्या बदलावर. शाफ्टच्या दात्यांनी सीलचा ओठ फाटला? सील तिरकं बसलं? की जुन्या शाफ्टलाच खाच पडलीय? दुसरं सील आणायला निघालोच होतो, पण म्हटलं आधी पुरावा गोळा करू. चालत्या गाडीत वारा तेल मागे पसरवतो, त्यामुळे थेंब दिसतो तिथेच गळती असते असं नाही. सगळं डिझेलने पुसलं, कोरडं केलं आणि वर आईची टाल्कम पावडर मारली.

रात्रभर गाडी उभी. पावडर कोरडी ठणठणीत. सकाळी जोतिबाचा डोंगर चढून आलो, तर सीलच्या ओठाभोवती ओल. आता गंमत बघा, ओठ फाटला असता तर उभ्या गाडीतही गळायला हवं होतं. तेलाची पातळी त्याच्या खालच्या कडेच्या वरच असते.

उद्यमनगरात लेथवर हयात घालवलेले शेजारचे काका कट्ट्यावरून हे नाटक बघत होते. म्हणाले, "गरम झाल्यावरच गळतंय न्हवं? मग त्येचं नाक बघितलंस का?"

नाक म्हणजे ब्रीदर, गिअरबॉक्सच्या डोक्यावरची छोटी टोपी. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. ती वाट बुजली की दाब वाढतो आणि सीलच्या ओठातून तेल ढकलतो.

गाडी गरमच होती. टोपी उचकटली... फुस्स! आत वाळलेला काळा गाळ. पंचगंगेचा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी नदी ती ओलांडून पार पुढे गेली. जुलैच्या त्या पुरात गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर चहासारखं दुधाळ झालेलं तेल बाबांनी स्वतः बदललं होतं. गाडी वाचली ती त्यांच्यामुळेच.

टोपी हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. "ही माझ्याकडनं राहिली," म्हणाले. मग तार आणून स्वतःच साफ करत बसले.

मी डब्यातलं जुनं सील काढून बघितलं. ओठ मऊ, शाबूत. म्हणजे बदललं ते बहुधा चांगलंच होतं! :-)

पुढचा आठवडाभर पुठ्ठा कोरडा. तरी बाबा रोज रात्री तो सरकवत होते. आता मी काही बोललो नाही.