पत्ते पिसा, पण जोडी फोडू नका!

हॉस्टेलच्या चार वर्षांत मी एक कला मात्र पक्की शिकलो, पत्ते पिसण्याची. इंजिनिअरिंगचं म्हणाल तर... असो! पण गंमत म्हणजे बी.ई.च्या प्रोजेक्टला हीच कला कामी आली आणि हिनेच आमची विकेटही काढली.

प्रोजेक्ट होता ईईजीचा, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा. आमच्या विंगमधले सहा निशाचर आणि सहा लवकर झोपणारी गुणी बाळं पकडली. प्रत्येकाचं रेकॉर्डिंग दोनदा, एकदा डोळे उघडे आणि एकदा मिटलेले. डोकी बारा, रेकॉर्डिंग चोवीस. प्रश्न दोन. डोळे मिटल्यावर अल्फा लहरी वाढतात का? आणि निशाचरांचा अल्फा इतरांपेक्षा वेगळा असतो का? पहिलं तर माणसाचा ईईजी १९२९ मध्ये प्रथम प्रसिद्ध करणाऱ्या हान्स बर्गरच्या काळापासून माहीत आहे. आमचा सगळा जीव दुसऱ्यात!

मॅडमनी सांगितलं, पर्म्युटेशन टेस्ट करा. कल्पना एकदम सोपी. दोन गटांत खरंच फरक नसेल, तर ‘निशाचर’ ही नुसती चिकटवलेली चिठ्ठी. मग चिठ्ठ्या पिसून पुन्हा वाटा, फरक मोजा, पुन्हा पिसा. खऱ्या वाटपाइतका मोठा फरक शंभरात पाचपेक्षा कमी वेळा आला, तरच त्याला भाव द्यायचा.

आम्ही चोवीस रेकॉर्डिंगवरच्या चिठ्ठ्या दहा हजार वेळा पिसल्या. इतका फरक आला फक्त ३८० वेळा. म्हणजे पी ०.०३८! रात्री दोन वाजता कॅन्टीनवाल्याला उठवून चहा झाला. पेपर प्रेझेंटेशनचा फॉर्मही भरून टाकला.

सकाळी मॅडमनी प्रोग्रॅम पाहिला आणि चष्मा काढला. “अरे, ही बारा मुलं आहेत, चोवीस नाहीत! एकाच मुलाचं एक रेकॉर्डिंग निशाचरांत आणि दुसरं गुणी बाळांत कसं जाईल?”

डोक्यात ट्यूब पेटली. एखाद्याचा अल्फा मुळातच जोरदार असेल, तर तो दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये जोरदारच दिसणार. आम्ही एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा मोजली होती! गटांची तुलना करताना माणूस अख्खा हलवायचा, त्याची जोडी फोडायची नाही. बारांतून सहा निवडायचे प्रकार ९२४. सगळे करून पाहिले. तेवढा फरक बऱ्याच वेळा आला. पी ०.१४. संपलं!

डोळ्यांच्या प्रश्नाला पिसणंही वेगळं. तिथे माणूस जागेवरच राहतो, फक्त त्याच्या ‘उघडे’ आणि ‘मिटलेले’ या चिठ्ठ्यांची अदलाबदल करायची किंवा नाही करायची. बारा जणांचे प्रकार ४०९६. आमच्या बाराही जणांचा अल्फा डोळे मिटल्यावर वाढला होता, त्यामुळे तेवढा फरक फक्त दोनदा आला, मूळ मांडणीत आणि तिच्या बरोबर उलट्या मांडणीत. बर्गरसाहेब पास!

पार्टनर म्हणाला, “जुनाच आकडा ठेवू रे, कोण बघतंय?” खरं सांगतो, मीही क्षणभर डगमगलो. पण अशा चुका मोठमोठ्यांच्याही होतात. २०१६ मध्ये एकलुंड, निकोल्स आणि क्नुटसन यांनी ४९९ निरोगी माणसांचे एफएमआरआय घेऊन त्यांचे उगाचच गट पाडले. प्रचलित सॉफ्टवेअरनी काही ठिकाणी ७० टक्क्यांपर्यंत वेळा नसलेला फरक ‘सापडला’ म्हणून सांगितलं. दोन गटांच्या तुलनेत पर्म्युटेशन मात्र ठरलेल्या ५ टक्क्यांच्या आसपास राहिलं. हे वाचल्यावर पार्टनरही गप्प झाला.

फॉर्म मागे घेतला. रिपोर्टात दोन्ही आकडे छापले, आपली चूकही लिहिली. व्हायवात एक्स्टर्नल सरांनी नेमकं तेच पान उघडलं आणि अर्धा तास त्यावरच बोलले. मार्क बरे पडले, फार नाही.

निशाचरांचा मेंदू वेगळा असतो की नाही, हे आमच्या बारा जणांवरून ठरत नाही. पुढच्या बॅचने जास्त मुलं पकडावीत. विंगमध्ये निशाचरांना तोटा नाही!

(बी.ई., इन्स्ट्रुमेंटेशन)